न्हाणीचा दगड

इतिहास लिहिणारे लोक वाड्याच्या दिवाणखान्यांत फार वेळ थांबतात आणि न्हाणीघरावरून मात्र पाय न वाजवितां पुढें निघून जातात. कोणी कोणाशीं तह केला, कोणास वस्त्रें मिळालीं, हें सारें आपणांस पाठ असतें. परंतु तो तह करणारा पुरुष त्या सकाळीं कोणत्या दगडावर बसून न्हाला, त्या दगडावरचें पाणी कोठें गेलें आणि तो दगड तेथें कोणीं बसविला, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आम्हांलाही तें सुचलें नसतें. गेल्या उन्हाळ्यांत मंचर येथें एका स्नेह्यांच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, त्याचा निवाडा करण्यास आम्हांस बसविण्यांत आलें, आणि म्हणून हा विषय आमच्या हातीं आला.

मंचर हें पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या रस्त्यावरचें, आंबेगांव तालुक्यांतलें, बाजारपेठेचें मोठें गांव. तेथें आमच्या स्नेह्यांचा जुना वाडा आहे. त्याच्या मागच्या पडवीला लागून न्हाणी आहे. न्हाणी म्हणजे काळ्या पाषाणाची एकच रुंद शिळा. तिच्या तीन बाजूंस चार बोटें उंच कड कोरून ठेवलेली, आणि चौथ्या बाजूस पाणी परसांतल्या केळींकडे नेणारी दगडी पन्हळ. शेजारीं पाण्याची डोण, तीही दगडाचीच. स्नेह्यांच्या चिरंजीवांना हें सर्व काढून टाकून तेथें चकचकीत फरशा, भिंतींना अस्तर, डोक्यावर फवारा आणि हात धुण्यास चिनी मातीचें पात्र अशी नव्या तऱ्हेची सोय करावयाची होती. त्यांच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, “बाळ, भिंतीला तुला काय लावायचें तें लाव, पण माझ्या पायाखालचा दगड तेवढा काढूं नकोस. पुण्याच्या तुझ्या त्या आरशासारख्या फरशीवर मी एकदां पडलें आहें. दुसऱ्यांदा पडलें तर उठायची नाहीं.” नातू म्हणाला, “पण आजी, तो दगड किती जुनाट दिसतो! सांध्यांतून ओल येते, शेवाळ धरतें.” मग आजी आमच्याकडे वळल्या. “तुम्ही पुस्तकें वाचतां. तुम्हीच सांगा, न्हाणीला चांगलें काय?”

प्रश्न साधा दिसला, तरी उत्तर आमच्याजवळ तयार नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सांगूं, असें म्हणून आम्ही वेळ मारून नेली, आणि त्या रात्रीं विचार करूं लागतांच असें ध्यानांत आलें कीं, पाण्याजवळ कोणतें द्रव्य वापरावें हा प्रश्न या मुलखाला नवा नाहीं. तो येथें निदान दोन हजार वर्षें विचारला जात आहे, आणि प्रत्येक युगानें आपल्या परीनें त्याचें उत्तर दिलेलें आहे.

मंचराहून उत्तरेस नारायणगांव व तेथून पश्चिमेस जुन्नर. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत, मानमोडी, शिवनेरी, तुळजा व लेण्याद्रि येथें, बौद्धांचीं दोनशेंहून अधिक कोरीव कामें आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं कोरलेलीं पाण्याचीं टाकींही आहेत. त्या काळच्या लेखांत टाक्यास ‘पोढी’ असा शब्द येतो. जुन्नरच्या एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. परदेशांतून आलेल्या मनुष्यानें या डोंगरांत पुण्यकर्म म्हणून काय द्यावें? तर पाणी धरून ठेवणारा दगड! हा दगड म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरून झालेला दख्खनचा काळा पाषाण. तो सर्वत्र सारखा नाहीं. कोठें घट्ट, कोठें बुडबुड्यांच्या पोकळ्यांनीं भरलेला, कोठें उभ्या भेगांनीं तडकलेला. टाकें कोरणारा भेग नसलेला थर शोधी. कारण एकसंध दगडांत कोरलेल्या टाक्यास सांधाच नसतो, आणि जेथें सांधा नाहीं तेथें गळतीही नाहीं. टाक्याचें तोंड लहान व पोट मोठें ठेवीत, म्हणजे ऊन आंत जात नाहीं व पाणी कमी आटतें. द्रव्याची निवड व आकाराची निवड या दोन गोष्टी तेव्हांही वेगळ्या नव्हत्या.

खुद्द मंचर येथें याच्या नेमकें उलट उदाहरण आहे. गांवाची जुनी हेमाडपंती बारव इतकी नामांकित कीं १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तिची दखल घेतलेली आहे. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकांतला प्रधान हेमाद्रि, त्याच्या नांवानें आपण ज्या बांधणीस हेमाडपंती म्हणतों, तिचें वैशिष्ट्य असें कीं घडीव चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसविले जातात. बारवेस ही रीत फार सोयीची. बारवेच्या भिंतीनें माती अडवावयाची असते, पाणी नव्हे. भोंवतालच्या जमिनींतलें पाणी सांध्यासांध्यांतून आंत झिरपून आलें तरच बारव भरते. तोच काळा पाषाण. परंतु टाक्याला सांधा नको, आणि बारवेला सांधा हवा. यावरून आम्हांस पहिला धडा मिळाला. ‘कोणता दगड चांगला’ हा प्रश्न अर्धाच आहे. पाणी कोठून यावयाचें आणि कोठें जावयाचें, हें ठरल्याशिवाय दगडाची परीक्षा होत नाहीं.

वाड्यांतली न्हाणी या दोहोंहून अवघड. ती एका दगडांत कोरली तरी तिच्या कडेला भिंत येतेच, आणि भिंत व शिळा यांच्यामध्यें सांधा येतोच. तो भरावयाचा कशानें? आमच्या पूर्वजांनीं तो चुन्यानें भरला. ओढ्यानाल्यांच्या कांठीं सांपडणारी चुनखडी भट्टींत भाजून, बैलाच्या घाणींत दगडी चाकाखालीं दळून, तींत विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळीत. सुरखीमुळें चुना ओलाव्यांतही घट्ट होतो; रोमन लोकांनीं ज्वालामुखीची राख मिसळून हेंच साधलें होतें. याशिवाय कोणी गूळ घाली, कोणी हिरड्याचा काढा घाली. हिरडा तर आंबेगांव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतलें धन. महादेव कोळी बंधूंची पुष्कळ घरें आजही हिरडा गोळा करून वर्षाचा खर्च भागवितात. मोहेंजोदडो येथील १९२५-२६ च्या सुमारास उजेडांत आलेल्या महास्नानकुंडांत विटा घट्ट बसवून, त्यांचे सांधे जिप्समच्या गाऱ्यानें भरून, मागें नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आढळला. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारागिरांना विटेपेक्षां सांध्याची काळजी अधिक होती. न्हाणीचा इतिहास हा, खरें पाहतां, दगडांचा नव्हे, तर सांध्यांचा इतिहास आहे.

येथें आणखी एका गोष्टीचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या लोकांनीं द्रव्यें निवडलीं तीं केवळ गळतीच्या हिशेबानें नव्हे. स्मृतिग्रंथांत द्रव्यशुद्धीचे नियम आहेत. धातूचें भांडें राख, आंबट पदार्थ व पाणी यांनीं शुद्ध होतें; मातीचें भांडें मात्र पुन्हां भाजल्यावांचून शुद्ध होत नाहीं. म्हणून न्हाणींत तांब्याचा बंब, पितळेचें घंगाळ, तांब्या आणि दगडाची शिळा एवढेंच चाले, आणि चिनी मातीच्या पात्राकडे सोवळ्या घरांतून दीर्घकाळ संशयानें पाहिलें गेलें. कितीही चकचकलें तरी तें शेवटीं मातीचेंच! या नियमांत स्वच्छतेची एक खरी जाण आहे, कारण सच्छिद्र मातींत मळ मुरतो. पण याच नियमानें माणसांनाही भांड्यांप्रमाणें मोजलें. ज्या वडारांनीं खाणींतून दगड काढला, त्यांच्यापैकीं किती जणांना त्या दगडावरचें पाणी घेण्याची मुभा होती? १९२७ च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां त्या ओंजळीवर केवढें काहूर उठलें! जुन्या न्हाणीचें कौतुक करतांना ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी आली आणि द्रव्यांची निवड गांवाच्या शिवेबाहेर गेली. तोंपर्यंत दगड बैलगाडीच्या टप्प्यांतला असे; कारण दगडाच्या किंमतीपेक्षां त्याचें वहातुकीचें भाडेंच जड. १८५८ सालीं लोहमार्ग पुण्यास पोंचला व १८७१ पर्यंत तो सोलापुरावरून रायचुरापर्यंत गेला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. तेथील चुनखडकाचे थर मूळचेच पातळ व सपाट. फार न घडवितां फरशी तयार होते. काळा पाषाण घडविण्यास पाथरवटाचे दिवसच्या दिवस लागत, आणि ही फरशी आयती व स्वस्त! तेव्हां घराघरांतल्या मोऱ्या शहाबादी झाल्या. परंतु तिचा एक दोष स्वयंपाकघरांतल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या आधीं कळला. तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें घासलीं कीं मोरीच्या फरशीवर पांढुरके, खरबरीत डाग उठत. चुनखडक म्हणजे चुन्याचा कार्बोनेट. आम्ल लागलें कीं तो विरघळतो. संगमरवरही त्याच कुळांतला, म्हणून मकराण्याची शुभ्र लादी देवघरांत जितकी शोभते तितकी न्हाणींत टिकत नाहीं. काळ्या पाषाणाला चिंच काय, लिंबू काय, सहसा कांहीं करीत नाहीं. दिवाळीच्या अभ्यंगाचें तेल, उटण्याची हळद, शिकेकाईचें पाणी हें सर्व पिऊन तो अधिकच काळा होतो, एवढेंच.

त्यानंतर सिमेंट आलें. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटची सनद घेतली. आपल्याकडे १९१४ सालीं पोरबंदर येथें त्याचा कारखाना चालूं झाला. मिंटनच्या विलायती रंगीत फरशा मुंबईच्या श्रीमंतांना आधींच ठाऊक होत्या. आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव असलेल्या, १८७२ सालीं उघडलेल्या संग्रहालयाची जमीन त्या फरशांनींच नटलेली आहे. तशा फरशा या देशांतच सिमेंटच्या करूं, या स्वदेशीच्या ईर्षेनें १९२२ सालीं मुंबईजवळ उरण येथें ‘भारत’ फरशांचा कारखाना निघाला. पुढें संगमरवराच्या कपच्या घातलेली मोझेकची फरशी आली आणि एका पिढीचीं सारीं घरें तिनें भरून टाकलीं. चिनी मातीच्या बाबतींत तर एका मराठी गृहस्थाचें नांव घेतलेंच पाहिजे. परशुराम गणपुळे यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत काठेवाडांत थानगड येथें मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. आज थानगड व मोरवी या भागांत फरशा व पात्रें यांचा देशांतील फार मोठा धंदा वसला आहे. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं नमुने म्हणून आणलेल्या फरशांच्या खोक्यांवरही मोरवीचेंच नांव होतें. सोवळ्या घरांनीं नाकारलेली चिनी माती मराठी माणसाच्या उद्योगानें अशी घरोघर पोंचली, हा योगायोग गमतीचा खरा.

हात धुण्याच्या पात्राची कथा याहून मनोरंजक आहे. पाश्चात्यांनीं हें पात्र पाणी सांठविण्यासाठीं केलें. तळाला बूच लावावयाचें, पाणी भरावयाचें, त्यांतच हातपाय, तोंड धुवावयाचें. आमच्या लोकांस एकदां हातास लागलेलें पाणी पुन्हां हातीं घेणें कधीं मानवलें नाहीं. तांब्यांतून धार धरावी आणि ती वाहून जावी, ही आमची रीत. म्हणून तें पात्र आपण घेतलें, पण बुचाची सांखळी वर्षानुवर्षें तशीच लोंबत राहिली. जुन्या मोरीचेंच तें उंचावर चढविलेलें रूप होय. त्यासाठीं जें द्रव्य निवडावयाचें, त्यानें उभ्या धारेचा मारा, साबण व क्षार सोसले पाहिजेत. सुमारें बाराशें अंश उष्णतेंत भाजून कांचेसारखी घट्ट झालेली, वर झिलई दिलेली चिनी माती या कामीं खरोखर उत्तम ठरली आहे. सोवळ्याच्या शास्त्राचा मातीवर जो आक्षेप होता, तो सच्छिद्रतेचा. भट्टीनें ती छिद्रेंच बुजविलीं, तेव्हां आक्षेपाचें मूळच नाहींसें झालें.

आतां भिंतीच्या अस्तराचा प्रश्न. आजींच्या न्हाणीच्या भिंती मातीच्या आहेत, वर चुन्याचा गिलावा, आणि शंभर वर्षांत त्यांस फारसें कांहीं झालेलें नाहीं. याचें कारण भिंतींत नाहीं, बसण्यांत आहे. आजी पाटावर बसून न्हातात. पाणी शिंपडलें तरी तें गुडघ्याच्या वर उडत नाहीं. नातवाला उभें राहून, डोक्यावरून फवारा घेऊन न्हावयाचें आहे. म्हणजे ओलीची रेघ एकदम दोन फुटांवरून सात फुटांवर गेली! मनुष्य उभा राहिला आणि भिंतीला अस्तर लागूं लागलें. न्हाणीच्या इतिहासांतली ही सर्वांत मोठी क्रांति कोणत्याही बखरींत नोंदलेली नाहीं. त्यामुळें ‘जुन्या लोकांनीं कुठें भिंतींना फरशा लावल्या होत्या?’ असें म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘जुनें सर्व टाकाऊ’ म्हणणाराही चुकतो. दोघांच्या स्नानाची तऱ्हाच वेगळी आहे.

शेवटचा विचार पाण्याचा. आमच्या दख्खनच्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तें तापवितांच बंबाच्या तळाला पांढरी खपली धरते. तेंच भिंतीवर वाळलें कीं फरशीवर धुरकट पापुद्रा चढतो. गडद रंगाच्या चकचकीत फरशीवर तो सर्वांत आधीं दिसतो. मग घरचीं माणसें बाजारांतलें आम्ल आणून घासतात. झिलईला त्या आम्लाचें विशेष भय नाहीं. परंतु फरश्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यांना आहे. सांधे खंगतात, पाणी मागें शिरतें, आणि दोन वर्षांत भिंतीच्या पलीकडच्या खोलींत ओल फुटते. दुकानदार फरशी दाखवितो, सांधा दाखवीत नाहीं. भिंतीच्या साध्या झिलईदार फरशीचें अंग आपल्या वजनाच्या शेंकडा दहाहून अधिक पाणी पिऊं शकतें. काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी अर्ध्या टक्क्याहून कमी पिते. ही माहिती खोक्यावर छापलेली असते, पण आपण रंग पाहण्यांत गुंतलेले असतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आमचा निवाडा सांगितला, तो असा. पायाखालची शिळा राहूं द्यावी. ती आम्लाला दाद देत नाहीं, तडकलेली नाहीं, हातोडीनें ठोकली असतां खणखणीत वाजते. बद्द वाजती तर आम्ही तिची भीड धरली नसती. ती गुळगुळीत झाली आहे हें मात्र खरें, म्हणून तिला जात्याप्रमाणें पुन्हां टाकी लावून घ्यावी, म्हणजे पाय घसरणार नाहीं. शेवाळ धरतें तें दगडाच्या दोषानें नव्हे. पन्हळीजवळ उतार मोडला आहे व कडेचा चुना गेला आहे म्हणून. तो सांधा उकरून नव्यानें भरावा. भिंतींना मात्र नातवाच्या इच्छेप्रमाणें अस्तर करावें. पण आधीं मागें पाणी अडविणारा लेप द्यावा, फरशी फिक्या रंगाची घ्यावी, आणि सांधे आम्लानें न खंगणाऱ्या इपॉक्सीनें भरावे. हात धुण्याचें पात्र चिनी मातीचें घ्यावें, तें काढतां-घालतां येईल असें बसवावें. जें दुरुस्त करतां येत नाहीं तें कितीही सुंदर असलें तरी न्हाणींत नको.

निवाडा सांगणें सोपें. टाकी लावणारा शोधणें अवघड गेलें. चिरंजीवांनीं आठवडाभर गांवोगांव विचारणा केली, तेव्हां एक वृद्ध पाथरवट मिळाले. त्यांचे दोन्ही मुलगे आतां फरश्या बसविण्याचें काम करतात. त्यांनीं शिळेवर हात फिरविला, पन्हळींत लोटाभर पाणी ओतलें, तें कोठें अडखळतें तें डोळे बारीक करून पाहिलें आणि मग छिन्नी हातीं घेतली. दिवसभर ठक्ठक् चालली होती. भिंतीच्या फरशा त्यांच्याच धाकट्या मुलानें पुढच्या आठवड्यांत बसविल्या. बाप सांध्यावर बोट ठेवी आणि मुलगा तो पुन्हां भरी. दोन हजार वर्षांचा हा धंदा एका घरांत बाजू बदलतांना आम्हीं पाहिला. तो संपला असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

असो. काम पुरें झाल्यावर आम्ही पुन्हां मंचरास गेलों. नातवानें फवारा सोडून दाखविला, फिक्या फरशीवरून पाणी स्वच्छ ओघळून शिळेवर आलें. आजींनीं रंगाविषयीं, झिलईविषयीं कांहींएक विचारलें नाहीं. त्या पडवीच्या खांबाला धरून वांकल्या, शिळेच्या चारी कोपऱ्यांकडे निरखून पाहिलें आणि एवढेंच म्हणाल्या, “कुठें सांचत नाहीं ना रे?”

सांचत नव्हतें.